हाकेआधीची ओ

"मेलेल्याच्या वतीनं दुसऱ्यानं ओ द्यायची म्हणे! हा नियम काढून टाक," वहिनी म्हणाली आणि तिनं तो खेळाचा पत्ता टेबलावरून असा सरकवला, जणू त्याच्यावर पाल बसली होती.

"का काढू? लग्न कपाऱ्यांचं आहे, तुझं नाही."

"माझं नाही ना? मग तोंड का लपवतोयस?"

"कुठं लपवतोय? हा काय समोर बसलोय."

"अहो भाऊजी, समोर बसूनसुद्धा माणूस लपतो."

वहिनीनं 'अहो भाऊजी' म्हटलं की पुढं चिमटा आहे असं समजायचं. एरवी ती त्याला भिंगरी म्हणायची. सगळेच म्हणायचे. नाव दादानं ठेवलेलं, कारण पोरगा एका जागी बसेल तर शपथ. शाळेतही नाही बसला. गणिताच्या सरांनी भर वर्गात 'भावाच्या अकलेतली चिमूटभर तरी घ्यायची होतीस' असं म्हटल्यावर ह्यानं हातातला खडू सरांच्या खिशात ठेवला, दप्तर बाकावर तसंच सोडलं आणि दारातून जो बाहेर पडला तो पडलाच. राग नाकावर असतो म्हणतात. ह्याचा नाकाच्याही दोन बोटं पुढं चालायचा.

आताही त्यानं पत्ता उचलला आणि मुठीत चुरगाळला. मग स्वतःच उलगडून टेबलावर तळहातानं सपाट करत बसला. कारण दुसरा पत्ता नव्हता, आणि संध्याकाळच्या गाडीनं सगळे पत्ते छापायला जायचे होते.

आता कपारे म्हणजे कोण ते सांगायला हवं, नाहीतर हे भांडण कुणाच्या डोक्यात शिरायचं नाही.

दादा खेळवाल्याकडं कामाला होता. खेळवाला म्हणजे पत्त्यांचे आणि सोंगट्यांचे खेळ बनवून विकणारा माणूस. दोन खोल्यांचा कारखाना, कापायचं यंत्र, पत्त्यांचे कोपरे गोल करायचं दुसरं यंत्र, आणि सगळीकडं खळीचा वास. त्यानं दादाला सांगितलं, नवा खेळ काढ, पण माणसं नकोत. राजे, चोर, शिपाई बघून बघून गिऱ्हाईक विटलंय. दादानं भिंतीत राहणारी जात काढली. वीतभर उंची, डोळ्यांच्या जागी गुळगुळीत कातडी, बोटांना दगडी नखं. चित्रं भिंगरीनं काढली. पोराचा हात एका जागी ठरायचा, पायच ठरत नसत.

पण नुसत्या चित्रांवर खेळ चालत नाही. कोण कुणाचा, पोर कुणाचं, घर कुणाचं, हे ठरायला लागतं. मग तिघं जण, दादा, वहिनी आणि भिंगरी, स्वयंपाकघरात ह्याच टेबलाशी बसून परक्या जातीची सोयरीक जुळवायचे.

कपाऱ्यांना दिसत नाही, म्हणून ते ठोक्यांनी बोलतात. प्रत्येकाचा ठोका अर्धा असतो. वयात आला की घरची भिंत सोडायची आणि परक्या भिंतीतून ठोका देत हिंडायचं. ज्याच्या ठोक्यानं आपला पुरा होईल तो आपला. आधी ठोका देईल ती आई, ओ देईल तो बाप. ही अक्कल वहिनीची. जन्मतः कुणी बाई नाही, कुणी बुवा नाही. ज्याला आधी राहवत नाही तो आई. दादा म्हणाला होता, "म्हणजे आपल्यात तू बाप. मीच आधी आलो होतो विचारायला." वहिनी म्हणाली होती, "म्हणूनच भात तुझा करपतो आणि बोलणी मी खाते."

"आणि सासू असते का त्यांच्यात?" भिंगरीनं विचारलं होतं.

"असते की," वहिनी म्हणाली होती. "बोलत नाही. भिंतीला कान लावून बसलेली असते."

"म्हणजे आपल्यासारखंच."

आतल्या खोलीतून आई ओरडली होती, "ऐकलं मी."

त्या दिवशी हसता हसता दादाचा चहा नाकात गेला होता.

पुढं एक गुंता झाला. आई-बापाचा पुरा ठोका तो पोराचा अर्धा, असं ठरलेलं. म्हणजे पिढीगणिक ठोका दुप्पट. भिंगरीनं चमच्यानं ताटलीवर वाजवून दाखवलं, खापरपणतवाला नुसती हाक मारायची म्हटली तर चहा गार होतो. मग वहिनीनं तोड काढली. प्रत्येक पोर मोठं होताना जुने ठोके विसरत जातं. जो विसरला गेला तो पूर्वज सुटला. तोवर तो भिंतीतच.

"आणि कुणी विसरलंच नाही तर?" भिंगरीनं विचारलं होतं.

"तर बसला बिचारा ताटकळत," दादा म्हणाला होता.

दादानं एकट्यानं लिहिलेला पत्ता एकच. 'हाकेआधी ओ आली, तर ती भिंत सोडावी. मागं वळून ठोका देऊ नये.' वहिनीच्या अंगावर काटा आला होता, ती म्हणाली, काढ हे. दादा म्हणाला, "राहू दे गं. पडायला आलेली भिंत आधी आपणच वाजते, हे त्यांना ठाऊक असणार ना. आणि प्रत्येक खेळात एक पत्ता असा हवा, की तो निघाला की सगळ्यांनी गुमान उठावं."

एकच पत्ता उरला होता. जोडीदार मेला तर काय? दादा पेन्सिल कानामागं खोचून म्हणाला, "सुचेल." मग त्याला ताप आला. साधा वाटला सगळ्यांना. पत्ता कोराच राहिला.

हे झालं कपाऱ्यांचं. आता घरातलं.

घर दोन मजली, भाड्याचं, अरुंद. खाली स्वयंपाकघर आणि आईची खोली, वर दादा-वहिनीची खोली आणि तिला लागून दादाची कामाची खोली. छतावरच्या टाकीचा लोखंडी पाइप कामाच्या खोलीच्या कोपऱ्यातून खाली उतरून स्वयंपाकघरात ओट्यापाशी यायचा. चहा झाला की वहिनी चमच्यानं पाइपवर वाजवायची, टक, टक-टक. वरून दादा ओ द्यायचा, टक-टक, टक. आणि जिना उतरायचा. कपाऱ्यांना ठोका मिळाला तो ह्याच पाइपातून.

दादा गेल्यावर वहिनी आपली खोली सोडून खाली आईपाशी निजायला लागली. वर भिंगरी उरला. तो दिवसभर दादाच्या खुर्चीत बसायचा. हिंडणं बंद, खाणं बंद, कुणी हाक मारली तर खेकसणं तेवढं चालू. आणि एक दिवस पाइप वाजला. टक, टक-टक. हाताला सवय असते, तिला मरण कळत नाही. चहा झाला होता, चमचा उचलला गेला होता.

मग खाली जी शांतता पसरली ती पाइपातून वर आली, असं भिंगरीला वाटलं. खाली वहिनी हातात चमचा घेऊन कशी उभी असेल, ते त्याला वर बसूनच दिसलं. त्याला ते सोसेना. त्यानं दादाची पेन्सिल उचलली आणि तिच्या मागच्या बाजूनं पाइपवर मारलं. टक-टक, टक.

खाली गेला तर टेबलावर चहा ओतून ठेवलेला. वहिनीनं वर पाहिलं नाही. त्यानंही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाइप पुन्हा वाजला, त्यानं पुन्हा ओ दिली. मग रोजच, पुढं तो पुन्हा कारखान्यात जायला लागला तरी घरी असला की. त्यावर दोघं अवाक्षर बोलत नसत. आईनं एकदा म्हटलं, "हे काय रोज टकटक लावलंय? सुताराचं घर आहे का?" दोघांनी एकदमच चहाचा घोट घेतला.

आईनंच चष्मेवाल्याचं स्थळ आणलं. सुनेला सासू स्थळ आणते, ह्यावरून गल्लीत कुजबुज झाली. आई म्हणाली, "ज्यांना बोलायचंय त्यांनी माझी सून आयुष्यभर सांभाळायची तयारी ठेवा, मग बोला." आई कापडाच्या दुकानात मापं घ्यायची, तिची जीभही कात्रीसारखीच होती. चष्मेवाला विधुर, भिंगं घासणारा, हळू बोलणारा. भिंगरी मुद्दाम त्याच्या दुकानात जाऊन तासभर बसला, खोड काढायला. खोड सापडेना, त्यामुळं तर तो आणखी चिडला. म्हणाला, "माणूस नुसता पुसून ठेवलेल्या काचेसारखा आहे. असलं काही खरं असतं का?"

वहिनी नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. शेवटी चष्मेवाल्यानं आईकडं निरोप दिला, आज दुकान बंद होईपर्यंत वाट बघतो, नंतर पुन्हा कधी विचारणार नाही, त्यांना माझ्यासमोरून जाताना ओशाळं वाटायला नको.

आई सकाळी कामावर जाताना भिंगरीला दारात थांबवून म्हणाली, "त्या पोरीला ह्या घरात काय धरून ठेवलंय ते मला कळत नाही. तुला कळतंय का?"

"मला काय विचारतेस? मी काय भिंत आहे?" तो म्हणाला. आणि कारखान्यात जाऊन त्यानं उरलेला पत्ता एका दमात लिहिला. 'जोडीदार मेला, तर घरातल्या धाकट्यानं मेलेल्याचा ठोका शिकावा आणि हाकेला ओ द्यावी. तो ओ देतोय तोवर मागं राहिलेल्यानं ती भिंत सोडू नये.' त्याला तो फार सुंदर वाटला. दादाला सुचला नसता इतका.

खेळवाल्याची रीत अशी, की नवा पत्ता आला की आधी खेळून बघायचा, मगच छापायचा. फासे टाकताना तो त्यांच्यावर फुंकर मारायचा आणि हरला की चहा मागवायचा. दोघं बसले. भिंगरीनं मुद्दाम त्या पत्त्याची पाळी आणली. एक कपारा मेला, धाकटा ओ द्यायला लागला. डाव चालू राहिला. इतरांची पोरं झाली, ती भिंती सोडून गेली, त्यांच्या नव्या सोयरिकी झाल्या. मधल्या भिंतीत दोन सोंगट्या होत्या तिथंच.

"ह्यांचं काय करायचं?" खेळवाला म्हणाला.

"राहतील."

"किती वेळ?"

"ओ देतोय तोवर."

"थांबणार कधी मग हा?"

भिंगरी फासे मुठीत खुळखुळवत राहिला.

"अरे, बाई अडकली ते एक समजू. हा पण अडकलाय बघ. ह्यानं आपला ठोका सोडून मेलेल्याचा वाजवायला घेतला. आता हा दुसऱ्या भिंतीत गेला तरी ह्याला जोड कोण देणार? ह्याचा स्वतःचा ठोकाच उरला नाही." खेळवाल्यानं ती धाकटी सोंगटी बोटानं आडवी पाडली. "गेम अडून बसतो रे इथं. दुपारी नीट करून आण. आणि तुझं काय ठरलं? गाडीबरोबर जातोस का नाही? छापखान्यात रंगावर नजर ठेवायला आपला माणूस पाहिजे. सगळा मोसम काम आहे, राहायला वर खोली आहे. तुझा दादा असता तर मला विचारावं लागलं नसतं."

"घर सोडून कसा जाऊ?"

"कुणी अडवलंय?"

तेव्हा भिंगरीनं पत्ता खिशात कोंबला आणि पाय आपटत घरी आला. आई कामावर, वर चिटपाखरू नाही. वहिनी टेबलाशी भाजी निवडत होती. त्यानं पत्ता तिच्यासमोर टाकला, वाटलं होतं ती तरी म्हणेल, किती छान सुचलंय. आणि ती म्हणाली, काढून टाक. तिथून आपण आत आलो.

"खेळवाला पण हेच म्हणतो," भिंगरी चुरगळलेला पत्ता दाबत म्हणाला. "म्हणतो गेम अडून बसतो. तुम्हा सगळ्यांना त्यांना हाकलायचीच घाई."

"कुणाला?"

"दोघांना."

वहिनीनं शेंग मोडली, दाणे काढले, साल बाजूला ठेवलं. तिची बोटं कामात असली की तिला बोलता यायचं. "भिंगरी, दादा पाइपवर काय वाजवायचा?"

"म्हणजे?"

"कशानं वाजवायचा?"

"हातानं."

"अंगठीनं. लोखंडावर धातू वाजला की कसा खणकतो. पेन्सिल वाजली की लाकूड कळतं. पहिल्या दिवशीच कळलं मला."

भिंगरीनं खुर्ची मागं सारली. उठून जावं असं वाटलं, पण पाय उठेनात, आणि असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. "मग तू का वाजवत राहिलीस?"

"त्याशिवाय तू खाली येत होतास का? चार घास पोटात जात होते ते त्या टकटकीवर. मी तुला हाक मारत होते. त्याला नव्हे."

"मी तर तुझ्यासाठी ओ देत होतो."

"माहीत आहे."

"मग आपण दोघं कुणासाठी..." त्यानं शेंगांचं साल उचलून त्याचे तुकडे केले.

"म्हणून म्हणते, नियम काढ," वहिनी म्हणाली. "मी चष्मेवाल्याला हो म्हटलं असतं कधीच. माझ्या मनात येतं, मी गेल्यावर पाइप कोण वाजवेल, आणि हे पोर वर बसून राहील. तुझ्या मनात येतं, ओ थांबली तर वहिनीचं काय. छान. आपणच कपारे झालो."

तो हसला, पण ते हसू नाकापर्यंत येऊन परत गेलं. "उद्यापासून नको वाजवू मग. मी पण नाही देणार."

वहिनीचे हात थांबले.

"एक विचारू? खरं सांगशील? मंगळवारी दुपारी तू कुठं होतास?"

"कारखान्यात. कोपरे कापत होतो. रात्री जेवायलाच आलो, तूच वाढलंस."

"हं."

"का?"

"मला वाटलं तू वर आहेस. मी चहा केला, वाजवलं. ओ आली."

"आई असेल."

"आई दुकानात होती. मी दोन कप ओतले, कुणी उतरलं नाही. वर जाऊन बघितलं. खुर्ची रिकामी होती, पेन्सिल टेबलावर."

"पाइपात हवा धरते गं. टाकी रिकामी झाली की वाजतो तो."

"हवेला ताल असतो का?" तिनं मान खाली घातली. "आणि लाकूड नव्हतं, भिंगरी. खणकलं."

भिंगरीला म्हणायचं होतं, काहीतरी काय बोलतेस. तोंडापर्यंत आलंही होतं. दुपारचं ऊन ओट्यावर पडलं होतं, नळाखाली भांडी पालथी घातलेली होती. चमचा भांड्यांच्या ढिगात होता. वहिनीचे दोन्ही हात शेंगांवर, त्याचे स्वतःचे दोन्ही हात पत्त्यावर. ह्या सगळ्याकडं त्यानं नीट, एकेक करून पाहिलं. नंतर कुणी म्हणू नये, तुला भास झाला.

कारण वरून पाइप वाजला.

टक-टक, टक.

खणकून. निवांत. चहाची घाई नसलेल्या माणसानं वाजवावं तसा. आणि पाइपाच्या आत तो आवाज खाली उतरत आला, ओट्यापाशी थांबला.

कुणी हाक मारली नव्हती.

वहिनीच्या हातातली शेंग खाली पडली. तिचा उजवा हात हळूहळू भांड्यांच्या ढिगाकडं निघाला. तिनं तो नेला नव्हता, तो आपणच चालला होता. भिंगरीनं टेबलावरून झेप घेऊन तो मनगटाशी धरला.

"वहिनी, नको."

"एकदाच. नुसतं विचारते, बरा आहेस का."

"त्यानंच लिहिलंय ना? मागं वळून ठोका द्यायचा नाही."

ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते सांडलं नाही, तसंच काठावर थांबलं. मग तिनं एक असला श्वास सोडला, जो तिनं त्या तापाच्या दिवसांपासून धरून ठेवला असावा.

"म्हणजे तोच उठवतोय आपल्याला," ती म्हणाली.

"उठवतोय नाही, हाकलतोय. तुला माहीत नाही का त्याचा स्वभाव? पाहुणे जास्त बसले की दिवा घालवायचा."

ती हसली, आणि तेव्हा पाणी सांडलं. तिनं मनगट सोडवून घेतलं, पदरानं तोंड पुसलं. भाजी तशीच टेबलावर ठेवून चपला शोधायला लागली. एक सापडली, दुसरी टेबलाखाली गेली होती. भिंगरीनं पायानं ती तिच्याकडं ढकलली.

"कुठं निघालीस?"

"दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं. तो माणूस पुन्हा विचारणार नाही म्हणालाय, आणि तो म्हणतो तसंच करतो." चपलेत पाय घालता घालता तिनं वर, छताकडं, पाहिलं आणि लगेच मान खाली केली. "आणि तू?"

भिंगरीनं चुरगळलेल्या पत्त्यावरचा नियम खोडला. दादाच्या पेन्सिलीनं नव्हे. ती वर होती, आणि वर तो आता जाणार नव्हता. वहिनीच्या हिशेबाच्या पेननं खाली दोन ओळी लिहिल्या. 'जोडीदार मेला, तर घरातल्या सगळ्यांनी गप्प राहावं, आणि ज्याला आधी राहवणार नाही त्यानं दार उघडावं.' बरं जमलं का वाईट, हे बघायला त्याला सवड नव्हती. खेळवाला फुंकर मारून बघेल.

"आईला सांग, मी छापखान्यात गेलोय. मोसमभर. शिव्या द्यायच्या असल्या तर पत्रानं दे म्हणावं. मोठ्या अक्षरात."

"कपडे घेतलेस का?"

"कपडे वर आहेत."

दोघंही जिन्याकडं पाहायचं टाळत उभे राहिले. पाइप पुन्हा वाजला. टक-टक. ह्या वेळी शेवटचा ठोका आलाच नाही. वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दाराकडं वळवलं. दोघांच्या कानांना त्या एका ठोक्याची जागा रिकामी लागली होती, दात पडल्यावर जिभेला लागते तशी. भिंगरीची बोटं शिवशिवत होती. दाराची चौकट लाकडी होती, हाताशी होती, एक टिचकी मारली की भरून निघालं असतं.

त्यानं ती बोटं मुठीत घेतली, मूठ खिशात घातली.

"चल वहिनी," तो म्हणाला, "गाडी सुटेल. मला आता निघायला हवं."